चिंध्यांचं निशाण: प्रकल्पाच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

नोंदवही उघडली एकदाची. मागच्या गोधडीच्या वेळी काहीच लिहून ठेवलं नव्हतं आणि मग कुठला रंग किती मिनिटं उकळला, दोरा कुठून आणला हे दोन महिने आठवत बसले होते, तेव्हा या वेळी शहाणपणा करायचा ठरवलाय.

तर प्रोजेक्ट असा: गावातल्या लायब्ररीत शिरल्या शिरल्या एक काचेचं कपाट आहे, दर महिन्याला कोणी ना कोणी त्यात काहीतरी मांडतं, सप्टेंबर मला मिळालाय. कपाट आतून साडेतीन फूट रुंद. शिवणाच्या ग्रुपमधल्या बाकीच्यांनी आजवर क्विल्टच मांडलेत. मी सांगून टाकलंय की मी सिव्हिल वॉरमधल्या (१८६१-६५ चं अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध) सोळाव्या कनेटिकट रेजिमेंटचं, म्हणजे पलटणीचं, चिंध्यांचं निशाण करणार, अर्ध्या मापात. सांगून टाकलंय म्हणजे आता मागे फिरायची सोय नाही.

हे डोक्यात कुठून आलं तर, कनेटिकटच्या राजधानीत, हार्टफर्डला येऊन अकरा वर्षं झाली, ऑफिसला जाताना कॅपिटलचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनाचा, सोनेरी घुमट रोज दिसतो, पण आत पहिल्यांदा गेले ती लेकाच्या चौथीच्या ट्रिपबरोबर, पोरं मोजायला. आत हॉल ऑफ फ्लॅग्ज आहे. तिथे सिव्हिल वॉरच्या वेळचे गव्हर्नर विल्यम बकिंगहॅम यांचा बसलेला पुतळा आणि काचेआड रेजिमेंटची निशाणं, दांड्याभोवती गुंडाळलेली, काळपट पडलेली, लक्तरं लोंबतायत. आमच्यातल्या एका पोराने विचारलं की एवढी फाटलीयेत तर नवीन का नाही शिवत. बाई हसल्या आणि पुढे सरकल्या. मी तिथेच अडकले, कारण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं.

१२ जून, बुधवार

आधी गोष्ट नीट लिहून काढते, कपाटातल्या कार्डावर हीच जाईल, कापून कुपून.

सोळावी कनेटिकट ही ऑगस्ट १८६२ मधे उभी राहिलेली रेजिमेंट. धड कवायत शिकायच्या आत, तीन-एक आठवड्यांत, १७ सप्टेंबरला ही पोरं अँटिटमच्या मक्याच्या शेतात जाऊन पडली. अमेरिकेच्या लढायांमधला सगळ्यात रक्ताळलेला एक दिवस तो, दोन्हीकडचे मेलेले, जखमी, बेपत्ता धरून २३ हजारांच्या आसपास. कच्ची पोरं, फळी मोडली, पळाली. ती पळाल्याची गोष्ट पुढे आयुष्यभर त्यांच्या मागे राहिली असणार असं मला वाटतं, निशाणाच्या बाबतीत एवढी हळवी होती ती त्यामुळेही असेल.

मग एप्रिल १८६४, नॉर्थ कॅरोलायनातलं प्लायमथ, रोअनोक नदीच्या काठी. कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या, जनरल होक यांनी जमिनीकडून कोंडलं, आणि नदीतून अल्बेमार्ल नावाची लोखंडाने मढवलेली बोट आली, तिने युनियनचं, म्हणजे उत्तरेचं, सोळावीच्याच बाजूचं एक जहाज बुडवलं, म्हणजे नदीचीही वाट बंद. २० एप्रिलला शरणागती. शरण जायचं म्हणजे बंदुका द्यायच्या आणि निशाणंही द्यायची. यांनी काय केलं, तर निशाणं दांड्यावरून उतरवली, टराटरा फाडली आणि तुकडे आपापसांत वाटून कपड्यांत लपवले.

आणि ते कपडे अंगावर घेऊन गेले अँडरसनव्हिलला. जॉर्जियातला उघड्या आभाळाखालचा तुरुंग, लाकडी ओंडक्यांचं कुंपण आणि आत चिखल, चौदा महिन्यांत ४५ हजारांच्या आसपास कैदी आले आणि त्यातले जवळजवळ १३ हजार तिथेच मेले, जुलाब, स्कर्व्ही, उपासमार. प्लायमथहून आलेल्यांचे गणवेश नवेकोरे होते म्हणून आधीचे कैदी त्यांना प्लायमथ पिल्ग्रिम्स, प्लायमथचे यात्रेकरू, म्हणायचे. त्या नव्या कोटांच्या आत जुन्या रेशमाचे तुकडे.

एक गोष्ट मात्र कार्डावर लिहायचीच. प्लायमथला युनियनच्या बाजूचे जे काळे सैनिक आणि तिथे आसऱ्याला आलेले काळे लोक होते, त्यातल्या कित्येकांना शरणागतीनंतर मारून टाकलं. गोरे कैदी झाले, यांना कैदी व्हायचीही मुभा मिळाली नाही. निशाणाच्या गोष्टीत हा भाग सहसा गाळतात.

लढाई संपली, वर्षं गेली, आणि १८७९ मधे ज्यांच्याकडे तुकडे उरले होते त्यांच्याकडून ते गोळा करून न्यूयॉर्कच्या टिफनीकडून एक नवं पांढऱ्या रेशमाचं निशाण करून घेतलं, मधोमध ढाल, आणि ती ढाल या तुकड्यांची. तेच मला करायचंय.

२३ जून, रविवार

रेशीम आलं. रेशीम म्हणजे, पाकिटावर रेशीम लिहिलंय. हातात घेतलं तेव्हाच शंका आली, फार गुळगुळीत आणि चमक सगळीकडे एकसारखी. आईने लहानपणी शिकवलेलं, पैठणी घ्यायला गेलं की पदराच्या टोकाचा एक दोरा उपसायचा आणि काडी लावून बघायचं. तसंच केलं, गॅसच्या ओट्यावर, चिमट्यात धरून. खरं रेशीम केस जळल्यासारखं वासतं, हळूहळू जळतं, काळी राख उरते आणि बोटाने चुरडली की भुकटी. हे आपलं वितळलं आणि टोकाला टणक मणी झाला. पॉलिएस्टर! चार वार पॉलिएस्टर, रेशमाच्या भावात. दुकानाला फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं की स्क्रीनवर रंग वेगळा दिसू शकतो. रंगाबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते.

दुसरीकडून मागवलं, या वेळी आधी सॅम्पलचा चौकोन मागवून, जाळून.

२९ जून, शनिवार

मापं. सिव्हिल वॉरच्या वेळच्या नियमांप्रमाणे पायदळाच्या प्रत्येक रेजिमेंटला दोन रेशमी निशाणं, एक राष्ट्रध्वज आणि एक रेजिमेंटचं, दांड्याच्या बाजूने ६ फूट आणि लांबीला साडेसहा फूट, पिवळी झालर, आणि दांडा भाल्याच्या टोकासकट ९ फूट १० इंच. म्हणजे डबल बेडची चादर काठीला बांधून वाऱ्यात धावायचं. निशाणवाल्या सार्जंटच्या हातात बंदूक नाही, दोन्ही हात दांड्यात. सोबत रक्षणाला कॉर्पोरलांची टोळी.

एवढं मोठं का, हा प्रश्न नवऱ्याचा. कारण बंदुकीच्या काळ्या दारूचा धूर. एकदा दोन्हीकडून बार सुरू झाले की दहा हातांवरचं दिसत नाही, आरडाओरड्यात हुकूम ऐकू येत नाही, मग शिपायाने करायचं काय तर निशाणाकडे बघायचं, ते पुढे तर पुढे, ते मागे तर मागे, ते फळीच्या मधोमध म्हणून आपण कुठे आहोत तेही कळतं. पानिपतावर हत्तीवर भाऊसाहेब दिसेनासे झाले आणि फौज सैरभैर झाली असं आपण शाळेत घोकलेलं, तोच हिशोब. आणि समोरच्यालाही हे माहीत असतं, म्हणून तो नेम धरतो तो निशाणाखालच्या माणसावरच. गेटिसबर्गच्या लढाईत पहिल्या दिवशी कॉन्फेडरेट बाजूच्या सव्विसाव्या नॉर्थ कॅरोलायना रेजिमेंटचं निशाण एकामागून एक डझनभराहून जास्त जणांच्या हातून पडलं, त्यांचा कर्नल बर्गविन, वय २१, तोही निशाण हातात असताना गेला. २१ म्हणजे माझ्या भाच्याएवढा, ज्याला अजून स्वतःची बाइक सर्व्हिसिंगला टाकायची आठवण करून द्यावी लागते.

माझं माप: ३६ इंच बाय ३९ इंच. ढाल साधारण १४ इंच उंच.

४ जुलै, गुरुवार

सुट्टी. बाहेर बार्बेक्यूचा धूर, आत मी.

दक्षिणेकडच्या खिडकीत चार पट्ट्या टांगल्यात: एक नुसतं रेशीम, एक चहात बुडवलेलं, एक चहात आणि मग गंजक्या खिळ्यांच्या व्हिनेगरमधे, आणि एक इस्त्री करून घट्ट चौघडी घातलेलं. दर दोन आठवड्यांनी अंगठ्याने दाबून बघायचं.

रेशीम मरतं कशाने तर मुख्य म्हणजे उजेडाने. आणि घडीने. सासूबाईंचा लग्नातला शालू आमच्याकडे आहे, वरून बघाल तर नवा, उलगडला की प्रत्येक घडीवर सुरीने कापल्यासारखा चिरलेला. त्या म्हणायच्या दर दिवाळीला घड्या बदलून ठेवा, आम्ही ऐकलं नाही. म्युझियममधेही आता जुनी निशाणं घडी घालत नाहीत, शक्यतो सपाट, मोठ्या ड्रॉवरमधे, अंधारात. आणि पूर्वी काय करायचे, तर अगदी उलट. पेन्सिल्वेनियाची जवळजवळ चारशे निशाणं हॅरिसबर्गच्या कॅपिटलच्या घुमटाखाली काचेच्या कपाटांत १९१४ पासून १९८०च्या दशकापर्यंत उभी होती, उजेडात, स्वतःच्याच वजनाने ओढली जात. कोणाचं वाईट चिंतून नाही, मान म्हणून.

आज ४ जुलै म्हणून आठवलं, पेन्सिल्वेनियाच्या रेजिमेंटांनी आपली निशाणं गव्हर्नर कर्टिन यांच्या हाती परत दिली ती १८६६ च्या ४ जुलैलाच, फिलाडेल्फियात. मॅसॅच्युसेट्सवाल्यांनी त्याआधी १८६५ च्या २२ डिसेंबरला बॉस्टनमधे. बहुतेक राज्यांत असे समारंभ झाले, जिवंत राहिलेला निशाणवाला निशाण घेऊन पायऱ्या चढतो आणि देऊन टाकतो.

पण देऊन टाकायच्या आधी थोडं कापून घेतो! हे मला फार आवडलं. कोण पाकिटात ठेवतं, कोण बायबलमधे, कोण पत्रातून बहिणीला पाठवतं. ॲपोमॅटॉक्सला १२ एप्रिल १८६५ ला कॉन्फेडरेट सेनापती लीच्या सैन्याने शस्त्रं खाली ठेवली तेव्हा काही कॉन्फेडरेट रेजिमेंटांनीही निशाण देण्याऐवजी फाडून वाटून घेतलं, म्हणजे दोन्हीकडे एकच बुद्धी. आणि ही सवय जुनीच, १८१४ चं ते बाल्टिमोरचं प्रचंड निशाण, ज्याच्यावरून यांचं राष्ट्रगीत आलं, ते मुळात ४२ फूट लांब होतं आणि आता ३४ फूटच उरलंय, किल्लेदार आर्मिस्टेडच्या घरच्यांनी येणाऱ्या जाणाऱ्याला आठवण म्हणून तुकडे कापून दिले, एक अख्खा तारासुद्धा गेला. प्रसादासारखं वाटलं.

१८ जुलै, गुरुवार

पट्ट्या बघितल्या. नुसत्या रेशमाला काही नाही. चहावालं जरा पिवळं. खिळ्यांचं पाणी लागलेलं मात्र अंगठा दाबला तर हलकेच कुरकुरलं. आजीच्या काळ्या चंद्रकळेचं असंच झालं होतं, काठ शाबूत आणि काळं अंग विरलेलं.

आजची तारीख फोर्ट वॅग्नरची, १८ जुलै १८६३. चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स, काळ्या सैनिकांची रेजिमेंट, चार्ल्स्टनजवळच्या वाळूतल्या किल्ल्यावर संध्याकाळी चालून गेली. निशाणवाला पडला, सार्जंट विल्यम कार्नी यांनी निशाण उचललं, तटापर्यंत नेलं, गोळ्यांवर गोळ्या अंगावर घेत परत आणलं आणि जमिनीला टेकू दिलं नाही. त्यांना मेडल ऑफ ऑनर, इथलं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं १९०० साली. सदतीस वर्षांनी. शत्रूचं निशाण पळवून आणणाऱ्या कितीतरी गोऱ्या शिपायांना हेच मेडल युद्ध चालू असतानाच मिळालं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

२७ जुलै, शनिवार

अक्षरं रंगवली. त्या काळी बरीचशी निशाणं भरतकामाने नाही तर रंगाने सजवायचे, तारे सोनेरी, रेजिमेंटचं नाव मधल्या पट्ट्यावर, लढायांची नावं पुढे जशी मिळत जातील तशी. तैलरंग आणि सोन्याचा वर्ख. मी वर्ख घेतला नाही, बजेट, साधा सोनेरी तैलरंग घेतला.

रेशमावर तैलरंग पसरतो हो. पहिलं अक्षर म्हणजे तळ्यात पडलेला तेलाचा थेंब. मग आधी पातळ सरस लावून वाळवलं, त्यावर रंग, मग जमलं. वाळल्यावर हात लावला आणि लगेच एक गोष्ट कळली जी वाचून कळली नव्हती: रंगवलेला भाग पुठ्ठ्यासारखा ताठ, बाजूचं रेशीम वाऱ्यासारखं हलकं, आणि कापड हललं की दोन्हीच्या सीमेवर कुरकुर. तिथेच ते तुटणार. जुन्या निशाणांच्या फोटोंत बघितलंय ना, कापड गेलंय आणि अक्षरं तेवढी बेटांसारखी उरलीयेत, किंवा उलट, ताऱ्यांच्या जागी ताऱ्यांच्या आकाराची भोकं. मला वाटायचं गोळ्यांची भोकं असतील. गोळ्यांची असतातच, पण खूपशी भोकं ही शांततेच्या काळात, कपाटात, आपली आपण पडलेली. हे कळल्यावर जरा हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू.

४ ऑगस्ट, रविवार

फाडायचा दिवस.

दोन छोटी निशाणं तयार होती, एक पट्ट्या-ताऱ्यांचं आणि एक निळं, महिनाभराचं काम, हेम हाताने घातलेली. ताऱ्यांची संख्या ३४ ठेवली. लेक आणि नवरा दोघेही बघायला बसले, जणू सत्यनारायण आहे.

नवं रेशीम फाटत नाही. मी ओढतेय, ओढतेय, काठाला नख लावतेय, काही नाही. मग दाताने. मग कात्रीने एक खाच दिली आणि ओढलं, तेव्हा चर्र करून सरळ दोऱ्यात फाटत गेलं, असा आवाज की पोटात गोळा आला. उभं सहज फाटतं, आडवं जास्त जोर मागतं. शिवणीपाशी अडतं. रंगवलेल्या अक्षरापाशी वेडंवाकडं जातं. दहा मिनिटांत माझी बोटं लाल. आणि हे मी स्वयंपाकघरात, पंख्याखाली, चहा पिऊन करतेय, कोणी माझ्यावर तोफा डागत नाहीये. प्लायमथला ते रेशीम दोन वर्षं ऊन पाऊस खाऊन विरलेलं असणार हे खरं, तरी सुद्धा. शिवाय तुकडे लहान हवेत, लपवायचेत. तळहाताएवढे झाले तरच कोटाच्या आत बसतील.

लेक म्हणाला, आई सारखे नको करूस, ते काय पट्टी घेऊन बसले होते का. बरोबर आहे त्याचं. माझे पहिले सगळे तुकडे चौकोनी आले होते, शिवणकाम करणारीचा हात. बाकीचे त्याला फाडायला दिले. मस्त वाईट फाडले त्याने.

एकूण ६३ तुकडे. एक मी दिवसभर कुर्त्याच्या आत, खांद्याच्या शिवणीपाशी टाचून ठेवला, बघू म्हटलं. दुपारपर्यंत विसरून गेले. संध्याकाळी काढला तर घामाने अंगाचा आकार घेतलेला, मऊ, मळका, आणि तो एकच तुकडा बाकीच्या ६२ पेक्षा खरा वाटत होता.

१० ऑगस्ट, शनिवार

ग्रुपमधल्या एकीने विचारलं की बाजूला कॉन्फेडरेट निशाणही करून ठेव ना, दोन्ही बाजू दिसतील. नाही करणार. शिवायला सोपं आहे ते, ४८ इंचाचा चौकोन, लोकरीचं बंटिंग (निशाणाचं विरळ कापड), आणि लोकरीची ती निशाणं रेशमाच्या मानाने बरी टिकलीसुद्धा, कसर लागली नाही तर. म्युझियमात, खाली माहितीची पाटी लावून, जुनं खरं असेल तर जरूर बघावं. पण माझ्या हाताने नवं शिवून लायब्ररीच्या दारात टांगायचं, जिथे माझ्या लेकाच्या वर्गातली काळी मुलं रोज येतात, ते होणार नाही. तीही समजली, वाद नाही झाला.

त्यावरून पकडलेल्या निशाणांचा विषय निघाला. युनियनने जिंकलेली कॉन्फेडरेट निशाणं वॉर डिपार्टमेंटमधे साठवलेली होती. १८८७ मधे अध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या सरकारने ती दक्षिणेच्या राज्यांना परत द्यायचं ठरवलं, तर उत्तरेच्या माजी सैनिकांनी असा गदारोळ केला की हुकूम मागे घ्यावा लागला. परत गेली ती १९०५ मधे, म्हातारे निम्मे वर गेल्यावर. एक अजून गेलेलं नाहीये, अठ्ठाविसाव्या व्हर्जिनियाचं, गेटिसबर्गला ३ जुलै १८६३ ला पहिल्या मिनेसोटाच्या मार्शल शर्मन नावाच्या शिपायाने घेतलेलं. ते सेंट पॉलला मिनेसोटाच्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे, व्हर्जिनियाने मागून बघितलं, २०१३ मधे दीडशे वर्षांच्या निमित्ताने काही दिवसांसाठी तरी द्या म्हणून विचारलं, मिनेसोटाचे गव्हर्नर डेटन नाही म्हणाले. दीडशे वर्षं झाली तरी शेजाऱ्याचा उसना नेलेला पाटा परत करायचा नाही म्हणजे काय, असं नवरा म्हणाला. उसना नव्हता ना पण नेलेला. माझं मत मिनेसोटाच्या बाजूने.

१८ ऑगस्ट, रविवार

ढालीवर तुकडे लावायला घेतले. पांढरं रेशीम चौकटीवर ताणलंय, ढालीची रेघ धुवून जाणाऱ्या पेनने.

प्रश्न: शिवायचं कसं? मशीन नको. गोंद नको. शंभर वर्षांपूर्वी बॉस्टनच्या अमेलिया फाउलर बाई होत्या, जुनी निशाणं दुरुस्त करण्यात त्यांचं मोठं नाव, त्या लिननच्या अस्तरावर निशाण पसरून वरून सगळीकडे मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळीदार शिलाई घालायच्या. ते बाल्टिमोरचं निशाण १९१४ मधे त्यांनी आणि दहाएक बायकांनी केलं, आठ आठवड्यांत. पुढे १९९० च्या दशकाच्या शेवटी ते अस्तर काढायची वेळ आली तेव्हा जवळजवळ १७ लाख टाके एकेक करून कापावे लागले. १७ लाख! घालणारीला सलाम आणि काढणारीला दुप्पट सलाम. आता म्युझियमवाले शक्य तितकं कमी टोचतात, दोन पातळ पारदर्शक कापडांच्या मधे तुकडा धरतात, किंवा दाबाखाली नुसता बसवतात, म्हणजे उद्या कोणाला उलगडायचं झालं तर उलगडता येईल.

मी मधला मार्ग काढला, एकपदरी रेशमी दोरा आणि काठाने लांब लांब धावदोरा, फाटलेल्या कडा आत न दुमडता तशाच मोकळ्या. कडा मोकळ्या सोडायला हात धजत नव्हता. तीस वर्षं कडा आत घेतल्यात.

मधेच आईचा व्हिडिओ कॉल आला, पुण्यात रात्र झालेली, तिला चौकट दाखवली. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, अगं ही तर गोधडी आहे. मी म्हटलं आई हे निशाण आहे, लढाईतलं. म्हणाली असेल, पण तुझ्या आजोबांचं धोतर आणि माझं परकर गोधडीत गेलं तेव्हा मी पण अशीच बघायचे, हा तुकडा कोणाचा तो तुकडा कोणाचा. मग म्हणाली, तो निळा तिथे नको, वर घे, जड दिसतोय. वर घेतला. खरंच बरं दिसलं.

२५ ऑगस्ट, रविवार

घात. एका व्हिडिओत बघितलं होतं की जुन्या कापडावरची धूळ काढताना व्हॅक्यूमचा जोर अगदी कमी ठेवतात आणि मधे जाळी धरतात. दोरे आणि सोनेरी रंगाचे कण पडले होते म्हणून मीही घेतला व्हॅक्यूम. जाळी घ्यायची विसरले. न शिवलेला एक तारा फटकन आत. पिशवी उघडून कचऱ्यात हात घालून शोधला, सापडला, केस आणि शेवेच्या चुऱ्यासकट. झटकून लावलाय. आता तो सगळ्यात जास्त लढाई बघितलेला तारा दिसतो.

तुकड्यांचा हिशोब: ढालीत बसले ४१. उरले २२. फेकवत नाहीत.

खिडकीतल्या पट्ट्या काढल्या. खिळ्याच्या पाण्याची पट्टी बोटात धरली तर दुभंगली. घडीची पट्टी वरून ठीक, घडीच्या ओळीवर फिकी रेघ. सात आठवड्यांत एवढं. सासूबाईंच्या शालूच्या घड्या आज बदलल्या, उरलंय तेवढ्याच्या.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. कपाट काल मांडलं. लायब्ररीतल्या बाईंनी वरचा दिवा पूर्ण लावला होता, मी सांगून मंद करून घेतला, त्या म्हणाल्या नवं कापड आहे ना हे, मग काय होतंय. उत्तर नव्हतं माझ्याकडे, तरी करून घेतला.

एक चूक कळली, झालर पिवळी हवी तशी आहे पण मी चारही बाजूंनी लावली, दांड्याची बाजू मोकळी ठेवायची असते. आता राहू दे. मोदकांचं पीठ मळायचंय.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी आणि बॅटल फ्लॅग डे एकाच दिवशी, ठरवून केलेलं नाही. १८७९ च्या १७ सप्टेंबरला, अँटिटमच्याच तारखेला, कनेटिकटचे हजारो म्हातारे होत चाललेले सैनिक आपापली निशाणं खांद्यावर घेऊन हार्टफर्डच्या रस्त्यांवरून नव्या कॅपिटलपर्यंत चालत गेले आणि तिथे ती ठेवून आले. सोळावीने नेलं ते हे ढालीचं. काही निशाणं इतकी विरलेली की उलगडायची सोय नव्हती. संध्याकाळी आमच्या मंडळाचं विसर्जन, मोठ्या टबात, पार्किंगच्या कडेला, ढोल भाड्याचे आणि नाचणारे पन्नाशीचे.

सकाळी अर्धा दिवस रजा टाकून लायब्ररीत गेले होते. उरलेल्यांतले २१ तुकडे एका स्टीलच्या वाटीत घालून कपाटाबाहेर ठेवले आणि चिठ्ठी लिहिली की एक घ्या. मला वाटलं पोरं नेतील. पोरांनी दोन-तीन नेले. बाकी सगळे मोठ्या माणसांनी, आणि गंमत म्हणजे जवळजवळ प्रत्येकाने आधी वाटी चाळून रंगवलेला तुकडा आहे का बघितलं, अक्षराचा कोपरा असलेला एक होता त्यावर दोघींची जवळपास झटापटच झाली. एक आजोबा कुबडीवर, डोक्यावर जहाजाचं नाव असलेली टोपी, त्यांनी कार्ड पूर्ण वाचलं, काळ्या सैनिकांचा परिच्छेद दोनदा, मग वाटीतून सगळ्यात साधा, काहीच नसलेला निळा तुकडा घेतला आणि पाकीट उघडून लायसनच्या मागे सरकवला. मी केला हे त्यांना सांगणार होते, नाही सांगितलं. दुपारी बाराला वाटी रिकामी.

कुर्त्यात टाचलेला तो मळका मी आधीच काढून ठेवला होता. शालूच्या पेटीत टाकलाय, घडी न घालता.